पलटणीतला माणूस बोर्डात
(पेण व रोहे येथील शेतकरी-कारागीर मंडळींपुढे दिलेले भाषण)



पेणच्या मूर्तिकाराला आणि रोह्याच्या शेतकऱ्याला आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस ठाऊक असावा, एवढ्यासाठी आम्ही उभे आहोत. गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे, महार समाजातले. पलटणीतली नोकरी संपवून १८८६ साली ते दापोलीस राहिले. पेन्शन खात स्वस्थ बसले असते तर कोण नावे ठेवणार होते? पण जोतीराव फुल्यांचे विचार त्यांच्या अंगी भिनलेले. 'दीनबंधु' पत्रातून ते लिहीत. १८८८ साली त्यांनी विटाळाविरुद्ध लिहून छापले. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला.

१८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. बंदूक धरणारा महार चालत होता. शेजारी खुर्चीवर बसणारा मात्र वरच्या जातींच्या सभासदांना खपेना! वर्तमानपत्रांत वाद माजला. १९०० साली गोपाळबाबा वारले. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

आज ग्रामपंचायतीत राखीव जागा कायद्याने आहेत. पण बाबांनो, त्या जागेवरचा सभासद सभेत बोलतो, की घरी आलेल्या वहीवर नुसती सही करतो? खुर्ची कायदा देईल. खुर्चीवरच्याचे ऐकून घेणे हे गावाचे काम. पुढच्या ग्रामसभेला जा, त्याला बोलू द्या, आणि कोणी अडवील तर तुम्ही उभे राहा.