लाडबोरीची धाव आणि रमजानचा चंद्र

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ आमच्या सिंदेवाही तालुक्यात कोणी विसरायचे नाही. त्या दिवशी गुढीपाडवा होता. शेजारच्या वहिनींनी सकाळीच गाठी पाठवल्या होत्या. संध्याकाळी आमच्या घरी रमजानच्या चंद्राची वाट पाहणे सुरू होते. पाडवा आणि चांदरात एकाच दिवशी, त्यामुळे सकाळी गुढीकडे आणि संध्याकाळी चंद्राकडे अशा माना वरच होत्या.

चंद्र दिसला. दुआ झाली, मुबारकबाद झाली. पावणेआठचा सुमार असेल, कोर मावळतीला टेकली होती, आम्ही इशाच्या नमाजाला निघायच्या बेतात होतो, आणि आकाशातून जळते निखारे रांगेने जाऊ लागले. तारा तुटतो तो पापणी लवायच्या आत विझतो. हे विझेनात. मोठा निखारा पुढे, त्याच्या मागे लहान, जणू कोणी पेटत्या मशाली घेऊन शिस्तीने चालले आहे. गल्लीत कोणी ‘विमान पेटले’ म्हणाले, कोणी ‘क्षेपणास्त्र’ म्हणाले. एका म्हाताऱ्या माणसाने कयामतीचे नाव काढले. माझ्या तोंडून आईचे शब्द निघाले. तारा तुटला की ती ‘ला हौल’ म्हणायची. सैतानावर फेकलेले ते निखारे आहेत, अशी तिची समजूत होती.

त्या रात्री तरावीहनंतर मी कविता लिहिली. मोठी लिहिली. वरून आलेल्या खुणेची कविता. कवीला अशा वेळी कोणी आवरत नाही.

पहाटे सहेरीला लेक समोर बसली होती. ती नागपूरला विज्ञान शिकत होती, सणाला घरी आली होती. मी बी.ए., तेही मराठी साहित्य घेऊन. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. कविता वाचून दाखवली तेव्हा ती खाली मान घालून भाकरी मोडत राहिली. मग मोबाइल पुढे केला. म्हणाली, “अब्बा, लाडबोरीत पडलेय ते.”

लाडबोरी आमच्याच तालुक्यातले गाव. तिथे मोकळ्या जागेत धातूचे एक कडे पडले होते. सुमारे तीन मीटर व्यास, चाळीसेक किलो वजन. बैलगाडीच्या चाकावर चढवतात त्या धावेसारखे, पण गाडी राक्षसाची असावी एवढे. आसपासच्या गावांत मग धातूचे गोळेही सापडले. पोलिसांनी कडे उचलून सिंदेवाहीच्या ठाण्यात आणले. त्याच महिन्यात ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ पाहणीला आले. चीनने फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३-बी’ या रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

मीही पाहायला गेलो. गर्दी होती. मोहफुलांचे दिवस; पहाटे जंगलात जाताना एरवी वाघाच्या धाकाने मागेपुढे पाहणारी आमची माणसे आता वरही पाहू लागली होती. एकाने मला ओळखले आणि हसत म्हणाला, “काय शायर, पाहून घ्या तुमचा आकाशातला चमत्कार!”

खरे सांगतो, मला वाईट वाटले. कविता वाया गेली म्हणून थोडे, पण ते वरवरचे. खरी बोच वेगळी होती. त्या वर्षी लेक रोजे धरणार की नाही, हे मी तिला विचारले नव्हते. ती सहेरीला आमच्यासोबत बसली होती, पण नियत केली की नाही, ते मी पाहायचे टाळले. तिच्या पुस्तकांनी तिच्या मनातले आकाश रिकामे केले असेल, अशी धास्ती मला दोन वर्षांपासून होती. आणि आता तर आकाशातून भंगारच पडले होते.

संध्याकाळी इफ्तारनंतर मी तिला म्हटले, सांग बाई, ते जळाले कसे. तिने सांगितले. रॉकेटचा तो रिकामा टप्पा वर्षभराहून अधिक काळ लांबट कक्षेत पृथ्वीभोवती फिरत होता. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आला की वरची विरळ हवा त्याचा थोडा वेग खाई. असे करत करत तो खाली आला. तेव्हाही त्याचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर. सिंदेवाहीहून नागपूरला एसटीने तीनेक तास लागतात, ते अंतर वीसेक सेकंदांत. एवढ्या वेगाने समोरची हवा दाबली जाते, तापते, आणि तिच्या तापाने धातू पेटतो. “म्हणजे त्याला आपल्या हवेनेच अडवले,” ती म्हणाली. “आपण श्वास घेतो, त्याच.”

मी गप्प झालो. डोक्यावर अशी हवेची रजई आहे, हे मला पुस्तकी माहीत होते. पण लाडबोरीतली माणसे तिच्यामुळे वाचली आणि तरी चाळीस किलोचा एक तुकडा तिच्यातून निसटला, या दोन गोष्टी एकत्र मनात बसेनात. ते कडे एखाद्या घरावर पडते तर? आदल्या रात्री मला वाटले ते नवल नव्हतेच, ती भीती होती. कारण कळले आणि भीती गेली. तिच्याबरोबर नवलही जाईल, असे मी धरून चाललो होतो.

मग तिने मला चंद्र दाखवला. दुसऱ्या दिवसाची कोर, थोडी जाड. “कोरीच्या आतला काळा भाग पाहा, पूर्ण काळा नाहीये.” खरेच, राखेसारखा मंद उजेड होता. इतकी वर्षे मी चंद्रावर कविता करत आलो आणि हे कधी नीट पाहिले नव्हते! तो उजेड पृथ्वीचा, ती म्हणाली. आपल्याकडे रात्र पडते तेव्हा पश्चिमेला अजून दिवस असतो. तिथल्या ढगांवरून, समुद्रावरून, वाळवंटावरून सूर्यप्रकाश उलटून चंद्रावर जातो आणि तिथून परत आपल्या डोळ्यांत येतो. जाऊन-येऊन अडीच सेकंदांच्या आसपास.

मी विचारले, “म्हणजे आत्ता कुठले ऊन असेल ते?”

तिने बोटांवर हिशेब केला. अटलांटिक समुद्र, आफ्रिका, अरबस्तान. “मक्केत आत्ता साडेचार वाजलेत, अब्बा. तिथले ऊनही थोडे असणारच त्यात.”

त्या वर्षी सौदी अरबस्तानात रमजान आमच्या एक दिवस आधी सुरू झाला होता. म्हणजे तिथे रोज्यातली दुपार कलत होती, आणि तिथल्या वाळूवरचे ऊन चंद्रावरून होऊन सिंदेवाहीतल्या माझ्या अंगणात येत होते. हे मला कोणत्याही किताबाने किंवा काव्यसंग्रहाने सांगितले नव्हते. माझ्या लेकीच्या भौतिकशास्त्राने सांगितले.

पुष्कळ लोक विचारतात, चंद्र कधी दिसणार ते गणिताने आधीच कळते, मग छपरावर का चढता? जंत्रीत छापलेले असते, पंचांगातही असते. मला वाटते, चंद्र आहे की नाही याची शंका म्हणून आम्ही चढतच नाही. आईला मूल कोणत्या गाडीने येणार ते ठाऊक असते, तरी ती फाटकात उभी राहते.

ती कविता मी फाडली नाही. तिच्यातला ‘खूण’ हा शब्द मात्र खोडला आणि तिथे काय घालावे ते अजून सुचलेले नाही. जागा कोरी आहे.

लेकीला रोज्यांचे मी पुढेही विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. पण रमजानच्या आदल्या संध्याकाळी ती जिथे असेल तिथून फोन करते. “दिसला का?” मी म्हणतो, दिसला. मग ती विचारते, “आतला उजेड?” मी चष्मा पुसतो, पुन्हा वर पाहतो, आणि तोवर दोघेही काही बोलत नाही.