सुई लहान, विवेक मोठा

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय अगदी लहान वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे इन्सुलिनची सुई. गादीवर बसून चालणारा व्यापार, अवेळी जेवण आणि सणासुदीची मिठाई यांमुळे मधुमेह ज्याच्या नात्यागोत्यात नाही, असे घर आज समाजात विरळाच. औषधाविषयी घरोघर चर्चा होते. परंतु ते ज्या सुईने शरीरात जाते, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांच्या आईवडिलांपुढे मृत्यूची वाट पाहण्याखेरीज मार्ग नव्हता. त्या काळी काचेची सिरिंज आणि जाड सुई उकळून घ्यावी लागे. बोथट सुईला दगडावर घासून पुन्हा धार लावावी लागे. इन्सुलिन गाईगुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. साहजिकच अहिंसाधर्मी घरांत त्याविषयी संकोच होता. १९८२ पासून जनुकीय तंत्राने तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध झाले आणि आज मिळणारे बहुतेक इन्सुलिन प्राण्यांच्या अवयवांपासून काढलेले नसते. संकोचाचे ते कारण मिटले. सुईची भीती मात्र तशीच राहिली.

ही भीती दूर होण्यासाठी प्रथम सुईची निवड समजून घ्यावी. इन्सुलिन त्वचेखालील चरबीच्या थरात जावयास हवे. माणूस सडपातळ असो वा स्थूल, इंजेक्शनच्या जागी त्वचेची जाडी सर्वसाधारणपणे दोन ते अडीच मिलिमीटरच असते. म्हणून पेनसाठी चार मिलिमीटर लांबीची सुई पुरेशी आहे. २०१६ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या शिफारशींतही याच सुईला पसंती देण्यात आली. ती त्वचेत सरळ, काटकोनात टोचावी. लांब सुई स्नायूत शिरण्याचा संभव असतो; तेथून इन्सुलिन वेगाने रक्तात जाऊन साखर एकदम खाली उतरू शकते. मुलांनी व फारच कृश व्यक्तींनी, तसेच सहा किंवा आठ मिलिमीटरची सिरिंज वापरणाऱ्यांनी, त्वचेची घडी चिमटीत धरून टोचण्याची पद्धत डॉक्टरांकडून शिकून घ्यावी.

सुईच्या जाडीसाठी गेज हा आकडा असतो. कापडाच्या व्यापाऱ्यास तो समजावून सांगावा लागणार नाही. सुताचा काउंट जसा वाढेल तसे सूत तलम; तसाच गेजचा आकडा मोठा तेवढी सुई बारीक. एकतीस किंवा बत्तीस गेजची सुई पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ती टोचल्याचे पुष्कळांना जाणवतही नाही.

सिरिंज वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिट असते, तर पेनमधील १०० युनिट. काही बाटल्याही १०० युनिटच्या मिळतात. यू-४० सिरिंजचे टोपण लाल व यू-१०० चे नारंगी असते. यू-४० सिरिंजमध्ये १०० युनिटचे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात! अशी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून बाटलीवरील आकडा व सिरिंजवरील आकडा दर खेपेस जुळवून पाहावा.

आता वापराविषयी. व्यापारी पेठेतील एका गृहस्थांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. हिशेबाला चोख आणि स्वभावाने काटकसरी असे हे गृहस्थ पेनची एकच सुई आठ-आठ दिवस वापरीत. दुखत नाही म्हणून रोज नाभीच्या उजव्या बाजूस, त्याच जागी टोचीत. साखर कधी तीनशेवर, तर कधी पहाटे घाम फुटून साठाच्या खाली. मात्रा वाढत गेली, पण साखर काबूत येईना. अखेर डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवून पाहिले, तेव्हा त्या जागी चरबीची गाठ लागली. गाठीत संवेदना कमी, म्हणून तेथे दुखत नसे. आणि त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी कमी तर कधी अधिक शोषले जाई. जागा बदलताना डॉक्टरांनी प्रथम मात्रा कमी केली, कारण निरोगी त्वचेतून तेच इन्सुलिन अधिक परिणाम करते. हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

बोथट सुई रेशमी कापडाचा धागा ओढते, म्हणून शिंपी ती बदलतो. मग शरीराने काय अपराध केला? सुई एका वेळेसच वापरावी. पोट, मांड्या, नितंब आणि दंडाची मागील बाजू या जागा आलटून-पालटून घ्याव्यात. दोन टोचण्यांत निदान एक सेंटिमीटर अंतर ठेवावे. पेनला नवी सुई लावल्यावर दोन युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब येतो का ते पाहावे. बटण दाबल्यावर दहापर्यंत अंक मोजून मगच सुई बाहेर काढावी आणि ती पेनला लावून ठेवू नये. एकाचे पेन दुसऱ्याने, सुई बदलूनही, कदापि वापरू नये. रक्ताचा अंश आत ओढला गेलेला असू शकतो. उपवास, एकासना किंवा चौविहार करणाऱ्या रुग्णाने पच्चक्खाण घेण्यापूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

त्या गृहस्थांच्या हकिगतीचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते रोज नवी सुई वापरू लागले, प्रकृती सुधारली. परंतु वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत जाई. एके दिवशी कचरा नेणाऱ्या बाईच्या बोटात ती रुतली. अशा टोचण्यातून कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. बाईंचे रक्त तपासावे लागले, लस टोचावी लागली आणि पुढील तपासण्यांसाठी कित्येक महिने जीव मुठीत धरून थांबावे लागले. सुदैवाने सर्व निर्दोष निघाले. खर्च गृहस्थांनी भरला. पण त्या माउलीने जागून काढलेल्या रात्री कोणत्या खतावणीत मांडायच्या?

जैन आचारात साधूंसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांत वस्तू उचलता-ठेवताना जपण्याची एक आणि टाकाऊ वस्तू कोणत्याही जीवास पीडा न होता विसर्जित करण्याची एक. पायाखालच्या मुंगीला जपणाऱ्या श्रावकाने कचरा उचलणाऱ्या हातांनाही तितकेच जपावे, हीच खरी जयणा होय. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वापरलेल्या सुया व सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात गणल्या होत्या.

उपाय सोपा आहे. फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावी आणि सुई काढल्याबरोबर तीत टाकावी. सुई हाताने वाकवू वा मोडू नये. बाटली तीनचतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक लिहावे. ती ओल्या वा सुक्या कचऱ्यात न टाकता, स्वीकारणाऱ्या रुग्णालयाकडे किंवा नगरपालिकेच्या घातक कचरा संकलनात द्यावी.

सुवर्ण महोत्सवाचे स्मरण राहावे म्हणून संस्थेने एखाद्या रुग्णालयाशी बोलणी करून कार्यालयात असा एक डबा कायमचा ठेवावा. खर्च नाममात्र, परंतु त्यामुळे एखाद्या निरपराध हाताचे रक्षण होईल. स्वतःच्या देहाची काळजी आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे एवढीशी सुई शिकविते.

जय जिनेंद्र!