काट्यावरचे वजन आणि आतला उतारा

(बीड जिल्ह्यातील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बीड जिल्ह्यातल्या माणसाला वजनकाट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने लाखो माणसांचे आयुष्य टनावर मोजले जाते. गाडी काट्यावर चढते, आकडा पडतो, पावती हाती येते. परंतु कारखान्याचे गणित त्या आकड्याने पुरे होत नाही, हेही इथल्या शाळकरी पोराला ठाऊक असते. दोन गाड्या सारख्याच वजनाच्या भरतात. एकीच्या उसाला उतारा चांगला पडतो, दुसरीचा बराचसा चोथाच निघतो. आत साखर किती, हे काटा सांगत नाही.

मनुष्यदेहाची गोष्ट याहून वेगळी नाही. हे आजच बोलण्याचे कारण म्हणजे भूक मंदावून वजन उतरवणारी नवी औषधे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही त्यांची नावे. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ या नावांनी ती भारतात वजनासाठी विक्रीस आली. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पेटंट संपले की देशी कंपन्यांना वाट मोकळी होते, औषध स्वस्त होते, आणि स्वस्त झालेले औषध पुण्या-मुंबईपुरते राहत नाही. ते बीड, माजलगाव, परळीच्या दुकानांतही पोचते.

औषधाचे काम समजून घेणे अवघड नाही. जेवण पोटात गेले की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते जठर सावकाश रिकामे होऊ देते, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देते आणि मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवते. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांत विरून जाते. त्याच्या धर्तीवर घडवलेले हे औषध आठवडाभर टिकते, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन. या कुळातील पहिले औषध अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतील द्रव्यावरून सुचले आणि २००५ साली तिकडे मान्य झाले. निसर्गाने कुठे काय ठेवले असेल, सांगता येत नाही.

औषध विदेशी आहे म्हणून ते त्याज्य ठरत नाही. इन्शुलिनचा शोधही १९२१ साली टोरांटोत लागला आणि त्याने आपल्याकडच्या असंख्य मधुमेह्यांचे प्राण वाचवले. स्थूलतेने गुडघे, हृदय आणि यकृत पोखरलेल्या रुग्णाला या औषधाचा मोठा आधार होऊ शकतो. तेव्हा आक्षेप औषधावर नाही. जे वजन उतरते ते कशाचे, हा प्रश्न आहे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झाले. त्यातील १४० जणांच्या शरीराची क्ष-किरणांच्या साह्याने घटकवार मोजणी झाली. गेलेल्या वजनात सुमारे ४० टक्के भाग मेदाचा नव्हता. टिर्झेपटाइडच्या चाचणीत हाच भाग सुमारे एक चतुर्थांश होता. मेदाव्यतिरिक्त जे जाते ते सगळेच स्नायू नव्हेत, त्यात पाणी असते, इतर अवयवांचा अंशही असतो. आणि नुसत्या उपासमारीने वजन उतरवले तरी असाच काही वाटा जातो. औषधाला एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण उपाशी माणसाला भूक ओरडून सांगत असते. इथे सांगणाराच गप्प बसवलेला आहे. दहा किलो उतरल्याचा आनंद घरभर साजरा होतो, आणि त्यातले तीन-चार किलो कुठून गेले, याची विचारपूस कोणी करीत नाही.

ही विचारपूस इतर कुणापेक्षा आपण अधिक करायला हवी. त्याचे कारण पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन स्नेह्यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के! काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ. आतला हिशेब दुपटीहून वेगळा. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला होता. तिथे जन्मलेल्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, त्याचे स्नायू तर अधिकच तोकडे; मात्र कातडीखालचा मेद त्याने त्या मानाने राखून ठेवलेला. आईच्या पोटात जे तुटपुंजे मिळाले, त्यातून देहाने स्नायूंची काटकसर केली आणि मेद जपला.

पुण्याजवळच्या गावांत जर हे, तर मराठवाड्यात काय असेल? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो ज्वारी आठवते, सुकडी आठवते, भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाया आठवतात. त्यांतल्या कित्येकींच्या पोटी तेव्हा गर्भ होता. ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत, आणि मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट यांचे वयही हेच. अशा देहाची स्नायूंची शिल्लक मुळातच अपुरी असण्याचा संभव मोठा. त्यातून आणखी उचल केली तर उरणार काय?

स्नायू म्हणजे केवळ पहिलवानाची शोभा नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते घटले की साखर मुक्कामाला जागा शोधत हिंडते; म्हणजे ज्या मधुमेहासाठी वजन उतरवले, त्याच्याच हाती कोलीत द्यायचे. उतारवयात तोल सावरणे, पडलो तर हाड न मोडणे, आजारपणातून उठणे हे सारे त्याच शिल्लकीवर चालते. एका कोयत्यावर, म्हणजे एका जोडप्याने, दिवसभर ऊस तोडायचा आणि मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, असे आयुष्य काढलेल्या आई-बापांचा मुलगा आज चाकण-रांजणगावला यंत्रापुढे उभा असतो किंवा बारा तास गाडीच्या चाकामागे बसलेला असतो. एकाच पिढीत कष्ट गेले आणि पोट आले. कष्ट गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. ते कष्ट माणसाला मोडणारेच होते. पण देहाला मिळणारा भार गेला, त्याची भरपाई कुणी केली नाही.

या जिल्ह्यातील भगिनींविषयी वेगळे बोलले पाहिजे. ऊसतोड करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ज्यांचे बीजकोषही काढले गेले, त्यांच्यावर ऐन तिशी-पस्तिशीत अकाली रजोनिवृत्ती लादली गेली. हाडे आणि स्नायू दोन्ही तेव्हापासूनच झिजू लागतात. अशा स्त्रीला वजनाचे इंजेक्शन देताना हा इतिहास विचारला जावा, आणि तिनेही तो न संकोचता सांगावा.

आपल्या पूर्वजांना हा भेद उमगलेला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही दोष देतो. प्रशंसा आहे ती ज्याचे मांस प्रमाणात आणि बांधा घट्ट आहे अशा पुरुषाची. त्याला व्याधी सहजी जिंकू शकत नाही, असे चरकाचार्य सांगतात. स्थूलाला त्यांनी नुसते उपाशी ठेवले नाही. पोटाला जड, परंतु मेद न वाढवणारे अन्न द्यावे, असे सांगून त्यांनी मूग आणि कुळीथ सुचवला. कुळीथ म्हणजे आपला हुलगा. ज्या हुलग्याचे शेंगोळे आपल्या आज्या करीत, तो आता ताटातून गेला आहे.

आधुनिक शास्त्र तरी दुसरे काय सांगते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या निकषाप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन उतरवताना तज्ज्ञ १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे किमान ८४ ग्रॅम. आता आपले ताट मोजू. दोन ज्वारीच्या भाकरींतून सुमारे १२ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून किंवा पिठल्यातून ८, मटकीच्या उसळीतून ७, पाव लिटर दुधातून ८, मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज ४२. चांगले भरलेले ताटही निम्म्यावरच थांबले, आणि औषध घेणाऱ्याला हे ताटसुद्धा संपत नाही! म्हणून क्रम उलटवावा: आधी उसळ, वरण, दही, भाकरी मागाहून, जागा उरली तर. उरलेली तूट पनीर, आणखी एक पेला दूध, खाणाऱ्यांनी अंडी, आणि सोयाबीन यांतून भरावी. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पोत्यांनी पिकते, तेलगिरणीला जाते आणि घरी येते ते फक्त तेल. भाजून दळलेले मूठभर सोयाबीन भाकरीच्या पिठात मिसळायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांचे मूत्रपिंड दुखावलेले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याविना प्रथिने वाढवू नयेत.

अन्न हा निम्मा भाग झाला. स्नायूला काम मिळाले नाही तर प्रथिने त्याच्या दारावरून परत जातात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका चाचणीत, वजन उतरवलेल्या १९५ जणांपैकी काहींना याच कुळातले लिराग्लुटाइड, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही देण्यात आले. दोन्ही घेणाऱ्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण एकेकट्या उपायाच्या जवळजवळ दुप्पट घटले. सकाळचा फेरफटका हृदयाला चांगला, स्नायू राखायला तो अपुरा. त्यांना भार लागतो. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, मुद्गल हे सारे भाराचेच व्यायाम. तारुण्यात शाखेवर वा तालमीत ते घाम गाळून केलेली मंडळी पन्नाशीनंतर त्यांच्यावर फक्त भाषणे देतात, ही गोष्ट वेगळी! ज्याचे गुडघे बैठका सोसत नाहीत त्याने खुर्चीवरून उठावे-बसावे, भिंतीला हात टेकून दंड काढावेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दमेपर्यंत.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सर्वांना ठाऊक आहे. सैन्यात असताना दुखापतीनंतर त्याचे वजन ७६ किलोंपर्यंत गेले होते. त्याने पंधरा-वीस किलो उतरवले, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. पंचविशीतल्या सैनिकाशी साठीच्या गृहस्थाची तुलना होत नाही. पण त्याच्या काट्यावरून जे गेले त्यात पाय गेले नव्हते.

औषध चालू करण्याआधी एक वही करावी. वजनाशेजारी कमरेचा घेर लिहावा, आणि त्याशेजारी एक तिसरा आकडा: हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला लागलेले सेकंद. बारा किंवा त्याहून अधिक लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार स्नायू दुबळे झाल्याची शंका घ्यावी. दर महिन्याला तिन्ही आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत. वजन उतरत असताना सेकंद वाढत असतील तर मात्रा कमी करायची की आहार वाढवायचा, हे त्यांना ठरवता येईल. औषध थांबवल्यावरही वही बंद करू नये. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचे उतरलेले दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचे त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. गेलेला स्नायू मात्र आपण होऊन परत येत नाही. ज्यांच्या घरी खुर्ची नाही त्यांनी पाटावरून उठून पाहावे, आणि हात टेकावा लागला की नाही तेवढे लिहून ठेवावे.