सडा मे महिन्यात पाहू नका



कृषी आणि वनशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही कामाला लागाल, आणि लवकरच कुणीतरी तुमच्यापुढे नकाशा पसरून विचारील, 'इथं काहीच नाही, काय लावता येईल?' कोकणात तो नकाशा बहुधा जांभ्याच्या सड्याचा, म्हणजे कातळपठाराचा असेल. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

मे महिन्यात सड्यावर उभं राहिलं तर हा शेरा खरा वाटतो. तापलेला काळा कातळ, करपलेलं गवत. मग पाऊस येतो. काही दिवसांतच खळग्यांतल्या बोटभर मातीतून दिपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. तिचा कांदा एरवी जमिनीत झोपून असतो; सारा संसार पावसाच्या सुरुवातीलाच उरकायचा. ऑगस्टात पाणथळ जागी गेंद फुलतो आणि त्याच्या पायाशी सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण आसवांचं हे झाड शिकारी आहे. त्याच्या मुळांसारख्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. कातळावरच्या ओलीत नत्राची चणचण असते, ती अशी भरून निघते. अशा जागी शेणखत टाकून सावली धरली की या मंडळींचा ठाव संपला.

अशाच फुलांच्या कास पठाराच्या वाट्याला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा आला, गर्दीही आली. आपल्या सड्यांना यातलं दुसरं तरी नको. पण माणसाचं या कातळाशी नातं जुनं आहे. कोकणातल्या कशेळीच्या कातळावर कुणी एकानं भलामोठा हत्ती कोरला आणि त्याच्या आत इतर प्राणी. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. आणि आजही सड्यावर गुरं चरतात, गवत कापलं जातं. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेलं पाणी खाली वाडीच्या विहिरीत उतरतं. तेव्हा हा खराबा नेमका कुणाच्या हिशेबानं?

मी हापूसच्या विरोधात नाही. कातळ फोडून, बाहेरून माती आणून बागा उभ्या करणाऱ्यांनी घरं उभी केली, हे मान्य. माझी तक्रार सरसकटपणाशी आहे. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प केला. आकडा एवढा झाला की मोकळी दिसेल ती जागा खड्ड्यासाठी हवीशी वाटू लागते. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प त्याआधीच अशा सरसकट लागवडीतून पसरलं. सालई, मोई, पांगारा त्या उतारांवर आधीपासून होतेच. आणि जिथं मुळात गवत किंवा कातळच आहे, तिथं देशी झाड लावणंही उपकाराचं नाही. हे ऐकायला तुम्हाला विचित्र वाटेल. शाळेपासून आपण झाड लावणं म्हणजे पुण्य असंच शिकलो.

उद्या तुमच्या सहीनं अहवाल जातील. सड्याची पाहणी उन्हाळ्यात उरकलेली असेल तर सही करू नका. जूनच्या शेवटी एकदा आणि ऑगस्टात एकदा जा, सोबत गावातल्या गुराख्याला घ्या, आणि तो जी नावं सांगेल ती अहवालात लिहा.