औषधाची मात्रा आणि मात्रेची भाषा



या शाळेत आयुष्यभर अध्यापन केलेल्या एका शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे. त्यासाठी मी औषधांचा विषय सुचविला, तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले आणि ते स्वाभाविकच होते. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ लागत असले, तरी त्याने कुणाचा ताप उतरलेला नाही. परंतु औषधोपचारातील एक मोठा प्रश्न माझ्या विषयाच्या हद्दीत येतो, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. तो प्रश्न मात्रेचा. औषध गुणकारी ठरते ते योग्य मात्रेमुळे, आणि ती मात्रा डॉक्टरांकडून रुग्णापर्यंत पोहोचते ती शब्दांच्या वाटेने. शब्द चुकला की मात्रा चुकते. आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे.

‘मात्रा’ हा शब्द मराठीत तीन घरी नांदतो. छंदःशास्त्रात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. चरणातील मात्रांची बेरीज बिघडली की चाल अडखळते. लिपीत अक्षराच्या माथ्यावरची तिरपी रेघ म्हणजे मात्रा. वैद्यकात औषधाचे प्रमाण ती मात्रा; शिवाय हेमगर्भासारखे औषधही मात्राच. ‘तेथे कुणाची मात्रा चालत नाही’ हा वाक्प्रचार या तिसऱ्या घरातून आला. तिन्ही ठिकाणी मुद्दा मोजमापाचा आहे. ‘देव’ या शब्दावर आणखी एक मात्रा चढली की त्याचे ‘दैव’ होते. अक्षरे तीच, अर्थ मात्र पालटतो. औषधाचेही असेच आहे.

आपल्या घरांतील जुन्या बायकांना हे पक्के ठाऊक होते. बाळगुटी उगाळताना सहाणेवर कशाचे किती वेढे घ्यायचे, हे ठरलेले असे. जायफळाचा वेढा जपून, कारण जायफळ जास्त झाले की मूल सुस्तावते. तेथे मिलिग्रॅम नव्हते, पण मोजणी होती. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले ६ महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला दुसरे काहीही देऊ नये असे सांगतात आणि ते ऐकलेच पाहिजे. परंतु वेढे मोजण्यामागची ती सावध दृष्टी अजून शिळी झालेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, असा विचार आला आहे की युक्तीने योजले तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि भलत्या रीतीने वापरले तर औषधही तीक्ष्ण विष ठरते. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस याने हेच सांगितले : विष कोणते आणि औषध कोणते, हे मात्रा ठरविते.

आता औषध शरीरात जाऊन नेमके काय करते, ते पाहू. बहुतेक औषधे शरीरातील एखाद्या विशिष्ट रेणूला जाऊन चिकटतात. पेशींवर काही ग्राही असतात, म्हणजे निरोप स्वीकारणारी कुलपे. काही औषधे त्यांत किल्लीसारखी बसून कुलूप उघडतात, तर काही नुसतीच अडकून बसून खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाहीत. रक्तदाबासाठी अनेकजण घेतात ती अ‍ॅम्लोडिपिनची गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची दारे अडविते. त्यामुळे स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो.

औषधाला मात्र आपल्या दुखण्याचा पत्ता ठाऊक नसतो. ते रक्तातून सर्वत्र हिंडते. अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. वेदना आणि सूज वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात. अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. म्हणून ज्या कृतीने गुडघ्याला आराम पडतो, त्याच कृतीने पोटात व्रण होऊ शकतो. गुण आणि अपाय ही पुष्कळदा एकाच कृतीची दोन फळे असतात. आपल्याला हवे ते फळ पदरात पडावे आणि नको ते टळावे, यासाठी मात्रेची वाट आखलेली असते. काही औषधांची ही वाट रुंद असते, काहींची फार अरुंद.

या वाटेचे दुसरे माप म्हणजे काळ. औषध पोटात गेल्याबरोबर शरीर त्याला बाहेर काढण्याच्या उद्योगाला लागते. यकृत त्याचे रूप बदलते, मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. रक्तातील औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या काळाला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य सुमारे २ ते ३ तास आहे, तर अ‍ॅम्लोडिपिनचे ३० ते ५० तास. म्हणून तापाची गोळी काही तासांनी पुन्हा घ्यावी लागते आणि रक्तदाबाची दिवसातून एकदा पुरते. ‘दर ६ तासांनी’ हे शब्द या हिशेबातून आलेले असतात. वय वाढले की मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि औषध शरीरात अधिक रेंगाळते. त्यामुळे पंचेचाळिशीत मानवलेली मात्रा पंच्याहत्तरीत जड होऊ शकते. डिजॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधाची वाट तर इतकी अरुंद आहे की वृद्धांना त्याची मात्रा फार बेताने ठरवून द्यावी लागते. ज्या वनस्पतिकुळातून हे औषध आले, त्यातील डिजिटॅलिसची ओळख विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याला एका म्हातारीच्या घरगुती औषधातून झाली. त्याने त्यातील गुणकारी पान हुडकले, किती पूड दिल्यावर काय होते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि १७८५ साली तो अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. म्हातारीच्या बटव्यातले औषध शास्त्रात आले ते मात्रेची वही घेऊन.

येथवर शास्त्र झाले. आता माझ्या प्रांतातील गोष्ट. मराठीत पाण्याला जल, नीर, उदक असे पर्यायशब्द आहेत. काव्यात ते वैभव ठरते. औषधांच्या दुकानात तेच संकट होते. एकाच द्रव्याला कंपन्यांनी दिलेली नावे अनेक. पॅरासिटामॉल तापाच्या गोळीत असते, सर्दीच्या गोळीत असते, अंगदुखीच्या जोडगोळीतही असते. सकाळपासून तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेणाऱ्याला आपण एकच औषध तीनदा घेत आहोत, हे उमगत नाही. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. वृद्ध, अशक्त किंवा नियमित मद्यपान करणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ती याहूनही कमी ठरवितात. यकृतात या औषधाचा थोडा अंश विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. हा साठा संपला की विष यकृताच्या पेशींवर उलटते. पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते किंवा काहीच जाणवत नाही, आणि यकृत मात्र आतून खचत असते. एन-असिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. म्हणून मात्रा जास्त गेली असे कळताच, बरे वाटत असले तरी, रुग्णालय गाठावे.

लहान मुलांच्या बाबतीत ‘चमचा’ हा शब्दच फसवा आहे. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेही मिळते आणि २५० मिलिग्रॅम असेही. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत तर १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. त्या थेंबांतले ५ मिलिलिटर दिले गेले, तर पहिल्या बाटलीच्या चौपट औषध मुलाच्या पोटात जाते. मुलाची मात्रा वजनावरून ठरते. ती बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापानेच द्यावी. स्वयंपाकघरातला चमचा त्या कामाचा नाही.

मात्रा जास्त झाली तर अपाय, तशी कमी पडली तरीही. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच त्यांनी बजावले होते की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला दाद न देण्यास शिकतात. आज जगभरचे डॉक्टर याच संकटाशी झुंजत आहेत. साध्या सर्दीच्या विषाणूवर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग नसतो. तरीही उरलेल्या दोन गोळ्या जपून ठेवायच्या आणि पुढच्या तापात शेजाऱ्यांना द्यायच्या, ही आपली परोपकारबुद्धी! औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घ्यायचे नाही. चिठ्ठीत जितके दिवस लिहिले असेल तितके दिवस ते घ्यायचे, आणि मध्येच थांबवावेसे वाटले तर आधी विचारायचे.

एकाच शब्दावर प्राण कसे टांगलेले असतात, याचे उदाहरण म्हणजे मेथोट्रेक्झेट. संधिवातावरचे हे चांगले औषध आहे. त्याचे रूप फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाशी इतके मिळतेजुळते आहे की शरीरातील विकर फसतो, जीवनसत्त्वाऐवजी यालाच धरून बसतो आणि पेशींची वाढ रोखली जाते. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. आपल्याला गोळी म्हटली की ‘रोज’ हाच शब्द आधी आठवतो. ही गोळी रोज घेतली गेली, तर तोंड सोलवटते, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होईनाशा होतात आणि माणूस दगावू शकतो. असे मृत्यू जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. बहुधा याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिडचीही गोळी दिलेली असते. दोन्ही लहान, आणि पुष्कळदा दोन्ही पिवळ्या. औषध निर्दोष, डॉक्टर निष्णात, रुग्ण आज्ञाधारक. आणि तरीही ‘आठवड्यातून एकदा, सोमवारी’ हे शब्द त्याच्यापर्यंत न पोहोचल्याने जीव जातो.

आपल्या इंदुरात तर ही वाट तीन भाषांतून जाते. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी आणि औषधाच्या पट्टीवर इंग्रजी. चिठ्ठीवरची बी.डी., टी.डी.एस., एस.ओ.एस. ही आद्याक्षरे लॅटिन शब्दांची : दोनदा, तीनदा, गरज पडल्यास. ‘गरज पडल्यास’ आणि ‘तीनदा’ यांत केवढे अंतर आहे! थायरॉइडची गोळी देताना डॉक्टर ‘खाली पेट लेना’ असे सांगतात. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. कोकणातून मुलाकडे राहायला आलेल्या एखाद्या आजीबाईंना ‘खाली’चा एकच अर्थ ठाऊक असतो आणि त्यांना त्या सांगण्याचा बोधच होत नाही. ती गोळी चहा-नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीपासून ४ तास दूर ठेवायची, हे त्यांना मराठीत कुणी सांगायचे? आपल्या वैद्यकात औषधासोबत घ्यायच्या पदार्थाला ‘अनुपान’ असा नेमका शब्द आहे. तो आपण वापरायचे सोडले, पण त्याची गरज संपलेली नाही.

२०१६ साली तत्कालीन भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम केला. तो डॉक्टरांसाठी झाला. आपल्या बाजूचे काम आपण करावे. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या औषधांचा एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यात पाच गोष्टी असाव्यात : औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी, किती, केव्हा व कशाबरोबर, आणि किती दिवस. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून आपणच आणलेली औषधेही त्यात लिहावीत. एखाद्या औषधाचे वावडे असेल, तर ते सर्वांत वर. डॉक्टरांकडे जाताना हा कागद न्यावा आणि सांगितलेले त्यांच्यापुढे एकदा परत म्हणून दाखवावे. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. ‘शंका विचारली तर डॉक्टर रागावतील’ ही भीती अपायापेक्षा मोठी मानू नये.

विद्यार्थिमित्रहो, हा कागद तुम्ही लिहायचा आहे, कारण पट्टीवरची बारीक इंग्रजी अक्षरे घरात तुम्हालाच वाचता येतात. पण नुसते वाचता येऊन भागणार नाही. वाचलेले आजीला समजेल अशा मराठीत सांगता आले पाहिजे. ‘ट्वाइस डेली आफ्टर मील्स’ हे तुम्हाला कळते. ‘सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर’ हे तुमच्या तोंडी सहज येते का? मराठी शाळा कशासाठी चालवायची, असे मला या गावात अनेकदा विचारले जाते. संस्कृती, परंपरा, अस्मिता ही उत्तरे मी पूर्वी पुष्कळ दिली आणि ती खोटी नाहीत. आज मी आणखी एक उत्तर देईन. आपल्या घरात असे माणूस आहे, ज्याला औषध कळते ते केवळ मराठीतून. त्याच्यासाठी एक वाक्य बिनचूक लिहिता येणे, हाही भाषा शिकण्याचा एक हेतू आहे आणि तो लहान नाही.