पाणकोंबडीचा हंगाम

मृगाचा पाऊस पडला की रत्नागिरीच्या आसपासच्या मळ्यांतून एक आवाज उठतो. आधी घसा खरवडल्यासारखा, मग क्वाक्-क्वाक् करत बराच वेळ न थांबणारा. ही पाणकोंबडी. पाठ काळसर, तोंड आणि छाती पांढरीशुभ्र, आखूड शेपटीखाली विटकरी रंग. ती पाहुणी नव्हे, बारमाही इथलीच. हे ओरडणे विणीच्या दिवसांतले, आणि नेमक्या त्याच आवाजाच्या रोखाने कोणीतरी बांधावर फासकी लावतो.

शिकार कधी करू नये, याचा विचार कायद्याने फार पूर्वी केला आहे. १८८७ चा कायदा विणीच्या काळात मारलेले पक्षी शहरांच्या हद्दीत बाळगण्या-विकण्याविरुद्ध होता. १९१२ च्या कायद्याने 'बंद काळ' ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. त्याच्या यादीत बदके होती, चिमुकला पाणलावाही होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही परवान्यावर शिकार चालू राहिली. पण रात्री नाही, मोटारीतून नाही, दुसऱ्याच्या जमिनीत त्याला विचारल्याशिवाय नाही. पाणवठ्यावर जनावर मारायलाही मनाई होती, मात्र तिच्यातून पाणपक्षी वगळले होते. साहजिकच आहे; पाणपक्षी पाण्यावर नाही तर कुठे गाठायचा! हे कलम वाचून मला आधी हसू आले, मग आले नाही.

१९९१ च्या दुरुस्तीने परवानेच संपवले. 'कधी' हा प्रश्न उरला नाही, 'नाही' एवढेच उत्तर उरले. मला ते मान्य आहे. पण ते आमच्या मळ्यांपर्यंत नीट पोचले नाही. कायदा वाघ-बिबट्यासाठी, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात फासकी लावणे ही शिकार, आणि घरट्यातली अंडी काढणे हीसुद्धा शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

"पण पाणकोंबडी हलाल आहे ना?" असे आमच्या मोहल्ल्यात हमखास विचारले जाते. असेल. पण हजला निघालेल्याने एहराम बांधला, की हलाल असलेले रानातले जनावरही त्याने मारायचे नसते. मारले तर भरपाई ठरलेली: तोलाच्या जनावराची कुर्बानी, गरिबांना जेवण किंवा रोजे. मक्केच्या हरम हद्दीत तर कोणीच शिकार करायची नाही. बंद काळ, बंद जागा आणि दंड, तिन्ही गोष्टी आमच्याकडे चौदाशे वर्षे आहेत. मग त्या सरकारने सांगितल्या की परक्या का वाटाव्यात?

सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही खायला चालेल का, अशी त्यांना शंका आली. ती विचारता विचारता ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात पोचले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. हलाल की हराम या प्रश्नातून एवढा पक्षिशास्त्रज्ञ निघाला, हे आमच्या पोरांना कोणी सांगत नाही.

फासकीत सापडलेल्या पाणकोंबडीची पिल्ले काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी असतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच ती चालू लागतात, पण किडे शोधायला आईबापांच्या मागेच हिंडतात. एक फासकी म्हणजे एक पक्षी, हा हिशेब म्हणूनच चुकीचा. शिवाय खाजणे आणि मळे मातीने भरून प्लॉट पाडले जातात. तिथे फासकीची गरजच राहत नाही, आणि शिकारीचे कलम त्या मातीला लागत नाही. त्याची भांडणे वेगळी, त्यावर पुन्हा कधीतरी.

तूर्त एवढेच सांगतो. बांधावर वायरीचा किंवा नायलॉनचा फास दिसला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. लावणीची माणसे सकाळी सगळ्यात आधी मळ्यात उतरतात. क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये पेरणीआधीच घालून द्या.