डोळ्याच्या पडद्याचा फोटो

(मंडळाच्या मासिक बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



मी ऑप्टोमेट्रिस्ट. दुबईतल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. इथे बसलेल्यांपैकी वाचायचा चष्मा खिशात लपवून कोण आलंय, हे मला बरोबर ठाऊक आहे!

दोनेक वर्षांपूर्वी दापोलीकडचे एक चाचा आले. कामगारांची बस चालवतात. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी चाचणी हवी होती. अक्षरं घडाघडा वाचली, दोन्ही डोळे ६/६. मी सही केली. दुकानात फंडस कॅमेरा नवाच आला होता. हात बसावा म्हणून म्हटलं, "चाचा, हनुवटी टेकवा, एक फोटो काढतो. पैसे नाहीत."

हेल्महोल्ट्झनं १८५१ साली ऑप्थॅल्मोस्कोप आणला, तेव्हापासून डॉक्टर बाहुलीतून आत डोकावतात. शरीरातल्या रक्तवाहिन्या कापाकापी न करता उघड्या दिसतात त्या इथेच. कॅमेरा तेच दृश्य एका लख्ख उजेडात टिपतो; बऱ्याचदा थेंबही घालावे लागत नाहीत.

स्क्रीनवर लाल ठिपके आले, पिवळसर डागही. मधुमेहानं बारीक वाहिन्या झिरपायला लागल्या की असं दिसतं. चाचांना मधुमेह असल्याचा पत्ताच नव्हता. पडद्याच्या मध्यभागाला धक्का लागेपर्यंत अक्षरं स्वच्छ दिसतात, म्हणून माझी ६/६ची सही खरी होती आणि तिचा उपयोग काही नव्हता.

चाचा म्हणाले, "भाऊ, सगळं दिसतंय ना? गावी गेलो की दाखवतो." रजा नऊ महिन्यांवर होती. (हे वाक्य आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींकडूनही मी ऐकतो, आणि त्यांच्या विम्याला कसली अडचण नसते.)

चाचांची अडचण खरी होती. प्राथमिक विम्यात तज्ज्ञाकडे जायचं तर आधी साध्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणजे दोन दिवस खाडा, दोन दिवसांचा पगार गेला. त्यात कंपनीला कळलं तर स्टिअरिंग जाईल ही धास्ती. ती खोटी आहे असं सांगायला माझी जीभ रेटेना. आणि बसमध्ये तर माणसं भरलेली असतात.

शेवटी दुपारच्या सुट्टीत मीच बरोबर गेलो. रक्त तपासलं, शुगर भरपूर निघाली. मग तज्ज्ञांकडे ओसीटी झालं. १९९१ साली जगापुढे आलेलं हे तंत्र प्रकाशाच्या साहाय्यानं पडद्याचे थर मायक्रॉनमध्ये मोजतं. सूज नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, दर काही महिन्यांनी तपासणी ठरली. चाचा अजून बस चालवतात.

आता फोटो संगणकही वाचतो. २०१६ साली गूगलनं प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा सहभाग होता. अमेरिकेत २०१८ साली अशा एका यंत्रणेला मान्यताही मिळाली. उत्तम झालं. पण "डॉक्टरकडे जा" एवढंच यंत्र सांगतं. नेऊन आणत नाही, खाडा भरून देत नाही.

पुढच्या महिन्यात कामगार वसाहतीत आपलं शिबिर आहे. मालकांना विचारून कॅमेरा मी आणतोय. फोटो दिवसभरात शंभरेक निघतील. त्यातल्या ज्यांना पुढे पाठवावं लागेल त्यांच्यासोबत चिठ्ठीपासून तज्ज्ञापर्यंत जायला, गाडीसकट, मला माणसं हवी आहेत. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. आत्तापर्यंत तिच्यात तीन नावं आहेत, त्यातलं एक माझं.